पाठकोरा पुरावा

कल्पना करा, तुम्ही टेबलाखाली रांगताय, हातात भिंग, नाकात धूळ, आणि सगळं घर तुमच्याकडे आशेने पाहतंय. बरं, आशेने नाही, नुसतंच पाहतंय. जमलं? मग आता तुम्ही मामा झालात.

मामा स्वतःची ओळख करून द्यायचा ती अशी : "सूक्ष्म नजर, अचाट स्मरणशक्ती आणि एकही प्रकरण अर्धवट न सोडणारा माणूस." यातलं शेवटचं खरं होतं. आजवर त्याला कुणी प्रकरण दिलंच नव्हतं.

आज मिळालं. थोरल्या भाचीचा कॉलेजचा अर्ज गायब झाला होता. तिचा मुख्य विषय सांख्यिकी. त्याच्या जोडीला एक धाकटा विषय, म्हणजे मायनर, निवडून आज चारच्या आत कळवायचा होता. दोन महिने स्वतःचं डोकं खाजवून आणि बाकीच्यांचं खाऊन तिने संगीत निवडलं होतं. विभागप्रमुख बाईंची सही आणली होती, आणि बाई आता आठवडाभर परगावी गेल्या होत्या.

"अर्ज पोचला नाही तर जिथे जागा रिकामी तो विषय गळ्यात पडतो, मामा! आणि जागा फक्त कीटकशास्त्रात आहे. मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते!"

"शांत हो. अर्ज होता कुठे?"

"फोनशेजारी."

या घरात एका बाजूने छापलेला कागद कुणी टाकत नसे. कोरी बाजू वर करून असे कागद फोनशेजारी रचलेले असत. मामाने वरचाच कागद उचलला, चिमट्याच्या पाटीला अडकवला आणि पेन्सिलीने लिहिलं : संशयित. शाईने तो कधीच लिहीत नसे. त्याचे अंदाज फार लवकर बदलत.

"एक, वडील. यांना तिने अर्थशास्त्र घ्यायला हवं होतं."

"अहो, सहीसाठी तिला मीच सोडून आलो!" भाचीचे वडील म्हणाले.

"अगदी हेच! मुरलेला गुन्हेगार आधी मदत करतो. दोन, मैत्रीण. तिलाही संगीतच हवं असणार."

"तिने भूगोल घेतलाय, मामा. परवाच."

"मग फारच सफाईने घेतलाय. तीन, कॉलेजच्या खिडकीवरचे कारकून. काल हिच्याकडे चष्म्यावरून बघत होते."

"दादा, ते सगळ्यांकडेच तसे बघतात," मामाची बहीण म्हणाली. "आणि साडेतीन वाजले."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी करायला हवं म्हणून मामाने पाटीवरचा कागद काढला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

समोर दुसरीतली धाकटी भाची गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर केली.

"मामा, तुझ्या कागदाच्या मागे ताईचं नाव आहे. आणि कुणाची तरी सही."

"सकाळी टेबल पुसताना मीच उलटा ठेवला की काय!" मामाची बहीण पुटपुटली.

"मला मघापासून शंका होतीच," मामा म्हणाला, पण इतक्या हळू की ते त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसावं.

वडील किल्ली घेऊन दाराकडे धावले. थोरलीने अर्ज उलटापालटा करून पाहिला. "आणि हा मी त्याच कारकुनांच्या हातात देऊ?"

धाकटीने अर्ज स्वतःकडे ओढला आणि कंपासमधून खोडरबर काढला. तिसरा संशयित नीट पुसला, फुंकर मारली, त्या रिकाम्या जागी ठळक अक्षरांत 'मामा' असं लिहिलं आणि अर्ज ताईच्या हातात दिला.