डाव्या शंखाची वेणू

एका जंगलात, म्हणजे पाटी लावलेली नव्हती म्हणून जंगलच म्हणायचं, एक डबकं होतं. डबक्यात गोगलगायी राहत. उन्हाळा लागला आणि डबकं आटायला लागलं.

मध्ये एक टेकडी. टेकडीच्या पलीकडे, बरंच खाली, दुसरं डबकं होतं. त्यात बाराही महिने पाणी.

मुलांनो, अकरावी-बारावीत गेलात की रसायनशास्त्राच्या बाई फळ्यावर एक टेकडी काढतील. अलीकडे थोडा वर एक ठिपका, पलीकडे खाली एक ठिपका. ती टेकडी हीच. त्या तासाला झोपू नका.

तर, सरडेगुरुजी या डबक्यातले विद्वान. त्यांनी सभा घेतली.

"पलीकडचं डबकं खाली आहे. खाली जाणं हा निसर्गाचा कलच आहे. म्हणजे आपण सगळे पलीकडे जाणार, हे गणिताने सिद्ध झालं."

गोगलगायींनी आनंदाने शिंगं हलवली.

"कधी जाणार, गुरुजी?" वेणू नावाच्या गोगलगायीने विचारलं.

"ते या गणितात नसतं. खाली बस."

सगळ्या वाट बघत बसल्या. तीन आठवडे गेले, कोणी आपोआप पलीकडे गेलं नाही. दोघी टेकडी चढायला निघाल्या, त्या अर्ध्या वाटेत सुकल्या. गुरुजींनी गणित पुन्हा तपासलं. ते बरोबरच होतं. गुरुजींना चार पाय होते आणि ते रोज टेकडी ओलांडून पलीकडे पाणी पिऊन येत, ही गोष्ट वेगळी.

शेवटी खेकडामावशी कामाला आली. तिची उजवी नांगी भलीमोठी, डावी आपली नावाला. तिने टेकडीच्या पोटातून बीळ खणलं. एकाच हाताने खणणार, त्यामुळे बीळ उजवीकडे पीळ घेत गेलं. टेकडी होती तेवढीच उंच राहिली, पण आता तिच्यावर चढायची गरज उरली नाही. गोगलगायी शंख फिरवत फिरवत, झाकण फिरवून बसवावं तशा, भराभर पलीकडे निघाल्या. शंभर जणी गेल्या तरी मावशी होती तशीच, पुढचीला वाट दाखवायला तयार.

वेणूची जुळी बहीण रेणू गेली. मागून वेणू शिरली आणि वीतभर आत जाऊन अडकली.

झालं होतं असं, की या दोघी बहिणी आरशात पाहिल्यासारख्या होत्या. रेणूचा शंख उजवीकडे वळलेला, वेणूचा डावीकडे. एरवी फरक शोधून सापडला नसता. वेणूने जोर लावला तसा शंखाच्या कडेचा टवका उडाला. रेणू धावत, म्हणजे गोगलगाय जेवढी धावेल तेवढं धावत, परत आली आणि तिने बहिणीला पुढून ढकलत मागे बाहेर काढलं.

तक्रार गुरुजींकडे गेली. त्यांनी दोघींचं वजन केलं. सारखं. उन्हात ठेवलं, तर दोघी एकाच क्षणी शंखात शिरल्या. रंग, चव, चिकटपणा, सगळं सारखं.

"दोघींत फरक नाही. त्या अर्थी वेणू अडकलेली नाही," गुरुजी म्हणाले.

"अहो, पण मला जाता येत नाहीये!"

गुरुजींनी तिला उरल्यासुरल्या पाण्याच्या कडेला नेलं. "बघ पाण्यात. दिसतेस की नाही अगदी रेणूसारखी?"

"मग त्या पाण्यातलीलाच पाठवा. मी इथे मरते," वेणू म्हणाली.

गोष्ट सांगणाऱ्याने चिडू नये म्हणतात. मी चिडलोय. तळहाताएवढं पाणी उरलं होतं आणि हा गृहस्थ वजनं करत होता.

रेणू सरळ मावशीकडे गेली. "मावशी, तुम्हीच काहीतरी करा."

"अगं, मला उजवंच खणता येतं. हात तसाय ना माझा! पण आमचा केरबा आहे, धाकटा भाऊ. त्याची डावी नांगी मोठी. गुरुजी त्याला काम देत नाहीत. त्याची बिळं उलटी असतात म्हणे."

रेणूने केरबाला बोलावून आणलं. त्याने वजन केलं नाही. वेणूचा शंख एकदा फिरवून बघितला, "हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणाला आणि खणायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणू आपल्या बिळातून गेली, वेणू आपल्या बिळातून. पलीकडे दोघी एकमेकींना चिकटून पोटभर रडल्या. एरवी गोगलगायींना रडणं परवडत नाही, अंगातलं पाणी जातं. तिथे पाणी भरपूर होतं.

गुरुजींनी अहवाल लिहिला: "वेणू पलीकडे पोचली. यावरून ती इतरांसारखीच असल्याचे सिद्ध होते. सबब, दुसऱ्या बिळाची गरज नव्हती. ते बुजवण्यात यावे."

बुजवायचं काम केरबाला मिळालं. गुरुजींनी त्याला दिलेलं हे पहिलंच काम. केरबाने त्याला चांगला आठवडा लावला. अलीकडे अजून चार डाव्या गोगलगायी रांगेत होत्या. चौथी पार झाल्यावर त्याने बिळात पहिलं ढेकूळ टाकलं.

तात्पर्य (वहीत उतरवून घ्या, परीक्षेत विचारत नाहीत): सगळे सारखेच असतात. मात्र हे आपण स्वतः पलीकडे पोचल्यावरच म्हणावं, आणि मागे अडकलेल्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं.