दाराकडं तोंड करून

आमचा व्यंकटराव गाणं ऐकायला सगळ्यांच्या आधी येतो, पुढची जागा धरतो आणि वाजवणाऱ्याकडं पाठ करून बसतो. मागं सतार चाललेली असती, तबला चाललेला असतो, आणि हा गडी आमच्याकडं तोंड करून, देवाकडं पाठ फिरवलेल्या नंदीसारखा. नवा कलाकार बिचकतो. एका पोरीनं तर व्हायोलिन खाली ठेवून विचारलं, काका, माझं काही चुकलं का. व्यंकटराव मान न वळवता म्हणाला, "गाणं काय बघायची चीज हाय का? वाजवा."

हे त्याचं ठरलेलं बोलणं. कुणी मोबाईलवर शूटिंग करायला लागला की त्या मोबाईलवर आपली टोपी घालतो आणि हेच म्हणतो.

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या वसाहतीत एक जुना हॉल हाय. दर मे महिन्यात पुण्याचे चार-पाच कलाकार तिथं दहा दिवस येऊन राहायचे. सकाळी पोरांना शिकवायचे, संध्याकाळी सतरंजीवर बसून वाजवायचे. माइक न्हाई, स्टेज न्हाई. मला त्यातलं काही कळत न्हाई. मी चौथी शिकलेला गँगमन, जन्म रुळावर हातोडा मारण्यात गेला. मी जायचो कारण तिथला चहा माझी बायको कौसा करायची, आणि पातेलं उचलायला माणूस लागायचा. व्यंकटराव तिकिटाच्या खिडकीवर होता. आता दोघंबी रिटायर.

कौसा गेली त्याला वर्ष झालं. त्याच उन्हाळ्यात पुण्याचे म्हणाले, लय वर्षं आमी केलं, आता तुमचं तुमी चालवा, शिकवायला आमी येऊ. मग सात जणांची संस्था करायची ठरली. सातवं नाव कौसाचं धरलं होतं. नोंदणीच्या आधीच ती गेली, म्हणून तिच्या जागी मला बसवलं.

पहिल्याच मिटिंगला फूट पडली. आमचे अध्यक्ष कदम मास्तर म्हणाले, परभणीला नवा हॉल फुकट मिळायलाय, एसी हाय, खुर्च्या हायत, गाडीचा भोंगा न्हाई. व्यंकटराव उठून भांडला. एसीत तबल्याला पडसं होतं म्हणाला. खुर्चीवर बसून ऐकलं की गाणं गुडघ्यात उतरतं म्हणाला.

मास्तर म्हणाले, "तुमाला काय फरक पडतो? तुमी तर मागच्या भिंतीकडं बघत बसता."

"भिंतीकडं न्हाई," एवढंच म्हणून व्यंकटराव खाली बसला.

तीन इकडं, तीन तिकडं. माझं मत राहिलं. खरं सांगतो, मी परभणीच्या बाजूचा होतो. पूर्णेच्या हॉलच्या ओट्यावर कौसाच्या स्टोव्हची जागा काळी पडलेली हाय. ती दिसली की माझं पाऊल पुढं पडत न्हाई. तरी मास्तरला म्हणलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यंकटराव घरी आला. मी केलेला चहा नावं न ठेवता प्याला, तवाच मला कळलं की काहीतरी भारी काम हाय.

"वहिनी रोज एक कप जास्तीचा करायच्या," तो म्हणाला. "का ते तुमाला कधी सांगितलं न्हाई?"

कप खरा होता. रोज हॉलच्या दाराशी झाकून ठेवायची, आणि रोज मी ओरडायचो, कुणाच्या नावानं नासवायलीस. ती नुसती हसायची.

मग व्यंकटरावनं सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ सुधाकर, आई-बापामागं यानंच वाढवलेला. याच हॉलमध्ये व्हायोलिन शिकला आणि त्यातच गुंतला. रेल्वेची परीक्षा दिली न्हाई म्हणून व्यंकटरावनं त्याच्या व्हायोलिनचा गज, वाजवायची काठी, गुडघ्यावर मोडला. त्याच दिवशी सुधाकर गाडीत बसून गेला. नऊ वर्षं झाली. गावात हा सांगत फिरतो, भाऊ सिकंदराबादला बड्या नोकरीत हाय, सुट्टी मिळत न्हाई. खरं काय ते एकट्या कौसाला माहीत होतं.

"आला तर मे महिन्यातच येईल," व्यंकटराव म्हणाला. "दाराशी उभा राहून ऐकेल आणि निघून जाईल. आत यायचा न्हाई, लय मानी हाय." कप खाली ठेवून त्यानं तो उगाच सरळ केला. "सटवाजीराव, त्याचा पत्ता मला ठाऊक न्हाई. ह्या हॉलचा पत्ता त्याला ठाऊक हाय."

संध्याकाळी पूर्णेसाठी हात वर केला. मास्तरनं कारण विचारलं. म्हणलं, एसीत तबल्याला पडसं होतं.

यंदाचा मे आमीच केला. चहा मी करतो, पोरं तोंड वाकडं करून पितात. एक कप दाराशी झाकून ठेवतो. मग पुढं जाऊन व्यंकटरावच्या बाजूला, वाजवणाऱ्याकडं पाठ करून बसतो. माझं कुणी त्या दारातून यायचं न्हाई, एवढं मला कळतं. पण एकट्या माणसानं दहा दिवस दाराकडं बघायचं म्हणजे डोळे भाजून निघतात. दोघं असले की एकाला पापणी मिटता येती.