गॅसचा संडास

गोवंडीच्या पंचशील चाळीचा जुना संडास सरकारने पाडला, त्या दिवशी चाळीने फटाके लावले.

फटाके भाऊरावने आणले होते, कारण योजनाही त्यानेच आणली होती. गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून तो चेंबूरच्या एका कंपनीत वॉचमन होता आणि गेटवर बसून पेपर जाहिरातींसकट वाचून काढायचा. त्यातच त्याला ही योजना सापडली. सरकार नवा संडास फुकट बांधून देणार, त्याच्याखाली टाकी, टाकीत गॅस आणि गॅसवर चाळीची सामायिक शेगडी. रॉकेलच्या रांगेतून सुटका.

"म्हंजे आपल्याच घाणीवर आपलाच चहा?" शेजारची शकु किंचाळली. "शी! मी मेले तरी पिणार नाय."

"नको पिऊ. पण संडासला तर जाशील ना?"

"ते जाईन."

भाऊरावचे वडील, धोंडिराम आबा, ओट्यावरून म्हणाले, "माणसाच्या पोटातला गॅस आजवर फुकटच गेला की रं. सरकारला उशिरा का व्हईना, कळलं."

बांधकाम मात्र बघता बघता उभं राहिलं. आत पांढऱ्या फरशा, निळे दरवाजे आणि सगळ्याला बाहेरून एक लोखंडी जाळी. जाळीला कुलूप होतं आणि किल्ली योजनेच्या निगुडकर साहेबांच्या खिशात.

"तपासणी झाल्याशिवाय वापर सुरू करता येत नाही," निगुडकर म्हणाले. "नाहीतर अनुदान परत जातं."

"मग तपासणी करा ना साहेब."

"मोठे साहेब करतील. त्यांना शेगडीवर निळी ज्योत दिसली पाहिजे."

भाऊरावने थोडा विचार केला. "ज्योतीला गॅस पायजे. गॅस व्हायला टाकीत माल पायजे. आणि माल पडायला कुलूप काढायला पायजे."

"बरोबर आहे तुमचं," निगुडकर म्हणाले. "पण तो तांत्रिक प्रश्न झाला. मी प्रशासकीय बाजू बघतो."

जुना संडास पाडलेला आणि नवा बंद. चाळ खाडीच्या काठी जाऊ लागली. बायका उजाडायच्या आत घोळक्याने जायच्या, नाहीतर पार अंधार पडेपर्यंत थांबायच्या. दुपारी जायची पाळी येऊ नये म्हणून त्या पाणी प्यायच्या बंद झाल्या. भाऊरावच्या बायकोच्या, मालनच्या, पायात काच गेली आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. चाळीतल्या लोकांनी भाऊरावशी बोलणं सोडलं. शकु तेवढी बोलायची, पण तिने बोलू नये असं त्याला वाटायचं.

एका सकाळी आबा खाडीच्या चिखलात घसरले.

त्यांना उचलून आणायला काही सापडेना. शेवटी बसवायचा राहून गेलेला एक निळा दरवाजा जाळीबाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्यावर घालून आणलं. खुबा मोडला होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि खाली ठेवला. "या वयात ऑपरेशन झेपणार नाही. घरी न्या. आता चालणं विसरा."

दुसऱ्या दिवशी निगुडकर धावत आले. भाऊरावला वाटलं, माणूस चौकशीला आला.

"एक दरवाजा कमी आहे," निगुडकर म्हणाले.

मालन लंगडत बाहेर आली. "दरवाजा बरा आहे साहेब. सासरे तेवढे मोडले."

निगुडकरांची मान खाली गेली. जाताना त्यांनी भाऊरावला बाजूला घेतलं. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. टाकीला मागून, जाळीच्या बाहेर, एक झाकण आहे. सुरुवातीला त्यातून शेण घालतात. गॅस धरतो."

मग चाळीने शेण वाहिलं. तबेल्यातून घमेल्यांनी, डोक्यावरून, आळीपाळीने. शकुने नाकाला पदर बांधून सगळ्यांत जास्त वाहिलं आणि प्रत्येक घमेल्यागणिक भाऊरावच्या खानदानाचा उद्धार केला. माणसं खाडीवर जात होती आणि म्हशीचं शेण मात्र फरशीच्या संडासात येत होतं. हे कोणाला चमत्कारिक वाटायचं राहिलं नव्हतं. काही आठवड्यांनी जाळीबाहेरच्या शेगडीने सूं केलं आणि निळी ज्योत उभी राहिली.

मोठे साहेब जीपमधून आले ते मुलुंडच्या दुसऱ्या कुठल्याशा योजनेवर कोंबडीचं जेवण जेवूनच. ज्योत बघून त्यांनी मान डोलावली. चाळीने टाळ्या वाजवल्या. मग त्यांना कोपऱ्यातलं घमेलं दिसलं.

"हे शेण आहे?"

"होय साहेब," भाऊराव म्हणाला.

"शेणाची योजना ग्रामीण आहे. ही नागरी. नागरी भागात म्हैस कुठून आली?"

"तबेल्यातनं."

"ते मी ऐकलं नाही असं समजा. निगुडकर, हा गॅस चुकीचा आहे. मंजुरी नाही. टाकी रिकामी करा, सगळं बांधकाम ताब्यात घ्या."

निगुडकर भिंतीकडे बघत राहिले. मालनने साहेबांपुढे चहाचा कप धरला. चहा शेगडीवरचाच होता. साहेबांनी तो पिऊन टाकला आणि जीपकडे निघाले.

जीपपर्यंत ते पोचले नाहीत. मध्येच थांबले. कपाळावर घाम आला. एक हात पोटावर गेला आणि नजर निळ्या दरवाजांवर.

"निगुडकर, कुलूप काढा."

निगुडकरांनी किल्ली काढली, मग हात आखडला. "सर, मंजुरीची सही झाल्याशिवाय... आपलंच परिपत्रक आहे, सर."

"काढा म्हणतो ना!"

"अनुदान परत जाईल, सर."

साहेबांनी चाळीकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. मालनने हात लांब करून वाट दाखवली.

"खाडी तिकडं आहे साहेब. जपून जावा. निसरडं लई आहे."

साहेब दोन पावलं त्या वाटेने गेले. वाऱ्याबरोबर वास आला. ते वळले.

"कुठे करायची सही?"

निगुडकरांनी स्वतःची पाठ वाकवून पुढे केली. साहेबांनी तिच्यावर कागद ठेवून फर्रकन सही मारली. जाळी उघडली आणि निळा दरवाजा धाडकन लागला.

त्यानंतर चाळीत जो कल्ला झाला तो पार स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. शकु तर भाऊरावच्या गळ्यातच पडली, मग भानावर येऊन त्याला शिवी देऊन रांगेत उभी राहिली.

भाऊराव घरी आला. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी औषध होतं, खाटेखाली भांडं.

"आबा, उघडला. मंजूर झाला."

नवा संडास चाळीच्या टोकाला होता आणि आता आबांची वाट खाटेच्या काठापाशीच संपत होती. भाऊराव त्यांच्या पायाशी बसला. बापाचा पाय चेपावा की नाही, तेही त्याला कळेना.

आबांनी विचारलं, "पैला कोण गेला?"

"मोठे साहेब."

"मंग झाला त्यो गॅस सरकारी," आबा म्हणाले.