ब्रदरसरांना मार्गदर्शक मिळतो

संस्था कोणालाही एकटे पडू देत नाही. पडलाच, तर तशी नोंद ठेवते. नर्सिंग कॉलेजातल्या एकमेव पुरुष शिक्षकाला, म्हणजे ब्रदरसरांना, यंदा बाळंतपणाचा विषय शिकवायला मिळाला. असे काहीही घडलेले नाही, हे लगेच स्पष्ट केलेले बरे.

ब्रदरसरांना तो विषय हवा होता. त्यात त्यांचा पहिला नंबर आला होता, आणि तो शिकवल्याखेरीज नोकरी कायम होणार नव्हती. प्राचार्यबाई म्हणाल्या, "तुमच्या हुशारीबद्दल प्रश्नच नाही हो. पण सरावाचा पुतळा रबरी असला तरी बाई आहे."

(याच पुतळ्यावर अवघड बाळंतपण शिकवायला येणारे डॉक्टर पुरुष आहेत. पण डॉक्टरांना पुरुषांत धरत नाहीत.)

तोडगा म्हणून 'पुरुष शिक्षक मार्गदर्शन योजना' निघाली. अट एकच: मार्गदर्शक अनुभवी पुरुष हवा. वीस वर्षे अनुभव असलेला पुरुष कॉलेजात एकच सापडला. वायरमन.

"सर, मी काय शिकवणार तुम्हाला? फ्यूज बांधायला?"

"बसा तरी. तासभर बसायचं, असं परिपत्रकात आहे."

वायरमनची सून नुकतीच बाळंत झाली होती. बाळ धड दूध ओढत नव्हते. ब्रदरसरांनी टॉवेलची गुंडाळी करून, बाळाला कसे धरायचे ते दाखवले. पुढच्या बैठकीला वायरमन खुशीत आला. "लागलं की ओ प्यायला. घरात सगळ्यांना वाटतंय, मीच हुशार."

सहा बैठकांनंतर प्रगती अहवाल गेला. मार्गदर्शक बाळाला न्हाऊ घालतो, ढेकर काढतो, लंगोट बदलतो. शिक्षकाने त्याच काळात चौदा कपाटे हलवली, एकोणतीस वेळा प्रोजेक्टर जोडला आणि विद्यार्थिनींच्या मागणीवरून पाल हाकलली (पाल एकच होती, मागण्या अकरा).

योजनेच्या समितीने अहवाल बारकाईने वाचला आणि पुतळ्याचा वर्ग वायरमनला दिला. तो आजोबा आहे, आणि आजोबा चालतात.

"मग माझं काय?" ब्रदरसरांनी विचारले.

"आमची ना नाहीच," प्राचार्यबाई मायेने म्हणाल्या. "लोकांची तयारी नाही हो अजून." ब्रदरसर आणखी एक वर्ष तात्पुरते राहिले.

तरी सर्व वाचकांना विनंती करण्यात येते, की दवाखान्यात पुरुष नर्स समोर उभा असताना आपण "सिस्टर नाहीत का कुणी?" असे आयुष्यात एकदाही विचारलेले नाही, या आशयाचे प्रतिज्ञापत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कार्यालयात आणून द्यावे. अशी तीन जमली, की लोकांची तयारी झाली असे धरण्यात येईल.