याकूब टेलरचं अर्धं गाणं

याकूब टेलर गाणं अर्धंच म्हणायचा. मधेच कंटाळून सोडून द्यायचा असं नाही. पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हणायचा, पण अर्धंच. रेडिओवर ती दोघांची प्रेमगीतं लागतात ना, एक ओळ त्याची, एक ओळ तिची, त्यातली फक्त त्याची ओळ हा गायचा. तिची ओळ आली की तोंड मिटायचा. हातातल्या बाजाचा सूरही बंद. हात मात्र चालूच, आणि बाजाच्या भात्यातून नुसती हवा सुटायची, भुस्स. तिची ओळ मावेल एवढी हवा सोडून झाली की स्वारी पुन्हा आपल्या ओळीवर हजर.

आता तुम्हीच सांगा. भर दुपारी, गल्लीतले पुरुष कामावर गेलेले असताना, एक माणूस खिडकीत बसून प्रेमाची गाणी म्हणतो आणि बाईच्या ओळीला जागा सोडून थांबतो. हा थांबतो तो कुणासाठी?

मी त्या वेळी जालना रोडच्या जकात नाक्यावर नोकरीला होतो. संशय घेणं हा माझा पगारी धंदा. करमाडच्या गाडीत कडब्याखाली तुपाचा डबा आहे, हे मी बैलाच्या चालीवरून ओळखत असे. आमची ही म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी देवाच्या पिंडीखाली वाकून बघाल. पण एकटा मीच तसा होतो असं नाही. पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती, राज्य बदललं, नाक्यावरची पाटी बदलली, तरी औरंगाबादेत माणूस माणसाकडे तिरपाच बघायचा. नवा भाडेकरू आला की गल्ली आधी विचारायची, हा पूर्वी कुणाकडे होता आणि आता इथं कशाला आला?

याकूबची माझी पहिली भेट नाक्यावरच झाली. टांगा जालन्याकडून आलेला. पुढं शिलाई मशीन, मागं पडदा लावलेला, म्हणजे आत बाईमाणूस. आणि याकूबच्या मांडीवर कातडी पेटी. पेटीला बाजू सहा. चार बाजूंच्या पेट्या मी आयुष्यभर उघडल्या होत्या, सहा बाजूंची ही पहिलीच.

"काय आहे यात?"

"बाजा हाय साहेब. छावणीत बँडवाल्यांच्या वर्द्या शिवायचो. पलटण मोडली, बँडमास्तर मुलखाला निघाला, जाताना मला देऊन गेला."

"उघड."

उघडलं. दोन बाजूंना लाकडी फळ्या, त्यांवर बटणंच बटणं, आणि मधे घड्याघड्यांचा चामडी भाता. दोन हातांत धरून ताणायचं आणि दाबायचं. कडेला एक वेगळं बटण होतं, ते दाबलं की सूर निघत नाही, नुसती हवा जाते. कॉन्सर्टिना म्हणतात त्याला, हे मला मागाहून गल्लीतल्या मास्तरांनी सांगितलं. गल्लीनं मात्र पहिल्या दिवसापासून त्याचं नाव भाता ठेवलं.

"वाजवून दाखव," मी म्हणालो. बाजा म्हणून काहीही नेतात लोक.

त्यानं वाजवलं. आवाज गोड होता, नाही म्हणत नाही. एक ओळ गायला आणि थांबला. मान वळवून टांग्याच्या पडद्याकडे बघत बसला. मागं करमाडच्या गाड्यांची रांग लागली होती, गाडीवान ओरडत होते, आणि हा हवा सोडत बसलेला. मी मनात नोंद केली, ह्या गृहस्थात कुठंतरी पाणी मुरतंय. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर टांगा आमच्याच गल्लीत, आमच्या समोरच्या खोलीपुढं उभा.

खोली सावजींची. सावजी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेलं किराणा दुकान आणि त्यावर बसलेला शंभर किलोचा माणूस. त्यांना वेगळाच वास आला होता. तागडीआडून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नाकेदार, मला तर ते वायरलेस वाटतंय. एवढी बटणं गाण्याला कशाला लागत्यात?"

"मी उघडून बघितलंय, सावजी. बाजाच आहे."

"तुमी बघितलं तवा बाजा असंल. रातीतून बदलला बी असंल."

याकूब माणूस तसा सालस होता, तेच जास्त खटकायचं. बारीक अंगाचा, दाढीला मेंदी, गळ्यात मोजमापाची पट्टी. बोलणं थोडं, आणि त्यातलं निम्मं एकच वाक्य. पोलकं शिवून झालं का, म्हणून विचारलं की म्हणायचा, "भाता भरू द्या." नळाला पाणी आलंय, चला, म्हटलं की "भाता भरू द्या." म्हणजे जरा दम धरा. एकदा गल्लीत बैल उधळला, आम्ही सगळे ओट्यांवर चढलो. याकूब आपला रस्त्यात उभा राहून बैलाला सांगतोय, "भाता भरू द्या!"

चौकातल्या हॉटेलात नवं गाणं लागलं की हा हातातला चहा तसाच ठेवून पुतळ्यासारखा उभा. दोनदा ऐकलं की गाणं याच्या बटणांवर. दुपारी जेवण उरकून मी नाक्याच्या संध्याकाळच्या पाळीआधी अंमळ आडवा होई, तेवढ्यात समोरून सुरू. कधी चांदण्यांची शपथ, कधी नदी, कधी नाव. आणि मग ती भुस्स.

आणि एक दिवस, त्या भुस्सच्या मधोमध, मला आमच्या स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. तीच चाल. तिचीच ओळ.

मी उठून बसलो. ही माझ्या पाळीच्या डब्याची भाकरी थापत होती आणि नदीकाठच्या नायिकेची ओळ म्हणत होती. मला बघून गप्प झाली.

"काय म्हणत होतीस?"

"कुठं काय? ओव्या."

आता ओव्यांत नाव आणि नावाडी कधीपासून आले? त्या दिवसापासून माझा एक कान खिडकीला आणि एक चुलीला. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. आमच्या हिचं एक जांभळं खणाचं पोलकं होतं. ते आत घ्यायला म्हणून याकूबकडं गेलं. आठ दिवसांनी सैल करायला गेलं. पुन्हा आत घ्यायला गेलं. बाई काही चंद्र नव्हती, कलेकलेनं वाढायला आणि घटायला. जाताना पोलक्याच्या घडीखाली झाकलेली वाटी असायची, तिच्यात कधी लापशी, कधी मऊ भात. टेलरला लापशी?

कळस झाला तो नाताळच्या सुट्टीत. याकूब खिडकीत भाता उन्हाला धरून बसला होता. चामडं जिथं विरलं होतं तिथं त्यानं खळीनं कापडाचे तुकडे चिकटवले होते. त्यातला मधला तुकडा जांभळा. खणाचा. मी टाचा उंचावून बघितलं. काठावरची नक्षीसुद्धा आमचीच.

माझ्या बायकोच्या पोलक्याचं कापड त्या माणसाच्या हातात दुपारभर उघडमीट करत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ती माझी जकात मागण्याची नक्कल करून दाखवायची. मी सरळ सावजींचं दुकान गाठलं. तिथं मास्तर आधीच बसलेले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"हिरवा तुकडा बघितलात?" मास्तर म्हणाले. "तो आमच्याकडचा."

सावजींनी तागडी खाली ठेवली. "पिवळा आमचा," ते म्हणाले. "अन् आमची तर पार पंचपाळं वाजवून गाती. मी म्हणलं, हे काय, तर म्हणती, भजन हाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या दिवशी तिघांच्या मनात नुसती दुपार होती, आणि दुपारी खिडकीत बसून गाणारा याकूब. तिघांनी ठरवलं. खोली सावजींची आहे, सावजींनी ती खाली करून मागायची, आज, आत्ता, गाणं चालू असताना, म्हणजे नाही म्हणायला जागा राहणार नाही. मुद्देमालासह पकडायचं, ही कल्पना माझी.

आम्ही गेलो. याकूबच्या दाराला पडदा होता, खिडकी अर्धी लोटलेली. आतून नदीकाठचं गाणं चालू. तो तिला विचारतोय, पाणी चढलंय, नाव लहान आहे, येशील का? मग भुस्स. आणि त्याबरोबर आमच्या घरातून, मास्तरांच्या घरातून, सावजींच्या वरच्या मजल्यावरून एकदम उत्तर. तीन चुलींवरून एकच ओळ. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत ओट्यावर चढलो. सावजींनी कडीला हात घातला.

"थांबा." मागं आमची ही उभी होती, हाताला पीठ तसंच. "आत जायचं नाही. आत बानूआपा आहे."

"कोण बानूआपा?"

"त्यांची बायको. टांग्यात पडद्यामागं होती ती. दुसरं कोण असणार?" ती हळू आवाजात बोलत होती, पण कधी नव्हे इतकी चिडलेली. "जालन्याला माहेरी होती तेव्हा लकवा झाला. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. छावणीत हे दोघं एका ओट्यावर काम करायचे. याकूबभाई मशीनवर, ती काज करायला. दिवसभर गाणी. ह्यांची ओळ हे म्हणायचे, तिची ती. आता बोलता येत नाही तिला, पण गाणं चालू असलं की एखादा शब्द जिभेवर येतोय असं वाटतं. ह्यांना वाटतं, आपण जागा सोडली तर ती कधीतरी भरेल. आम्ही नुसती ओळ धरून देतो, तिला धागा सापडावा म्हणून. तिला खाऊ घालायला जायचं तर काहीतरी निमित्त लागतं, म्हणून पोलकी. आणि भाता विरला तेव्हा तुकडेही आम्हीच दिले."

"मग आम्हाला सांगायला काय झालं होतं?" मी म्हणालो.

"तिनं हातानं खूण करून शपथ घातलीय. वाकडं तोंड पुरुषांना कळू द्यायचं नाही म्हणून. आणि तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही झडती घेत होतात."

सावजींचा हात कडीवरून खाली आला. मास्तर आपल्या वहाणांकडे बघायला लागले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत याकूबची ओळ संपली. भुस्स. पण या वेळी उत्तर आलं नाही. बाकीच्या दोघीही आपापल्या दारात येऊन उभ्या होत्या आणि आम्हाला बघून गप्प झाल्या होत्या. चुलीपाशी गुणगुणणं वेगळं, आणि गल्लीत तीन पुरुषांसमोर प्रेमाची ओळ म्हणणं वेगळं. आमच्या हिनंसुद्धा पदर तोंडाला लावला. याकूब थांबला. पुन्हा आपली ओळ म्हणाला, पाणी चढलंय, येशील का? पुन्हा हवा सोडली. खिडकीच्या फटीतून मला त्याचे हात दिसत होते. भाता पुरा ताणलेला, माझ्या घरचा जांभळा तुकडा मधोमध. ही जागा आम्ही येऊन रिकामी केली होती आणि ती भरायची कुणी, ते कळेना.

आणि सावजी गायला लागले.

शंभर किलोचा माणूस, कपाळाला घाम, डोळे गच्च मिटलेले. नदीकाठच्या नायिकेची ओळ. रोज ऐकून पाठ झाली असणार, पण शब्द तेवढे पाठ होते. सूर म्हणजे गुळाची ढेप जिन्यावरून गडगडत यावी तसा. मास्तरांनी कानाला हात नेला. सावजी थांबले नाहीत. ओळ संपली तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली, आणखी वरच्या पट्टीत.

"नक्... को."

आतून आलं. जड जिभेचं, ओढून ओढून काढलेलं, बाईचं.

"नक्को!" या वेळी चांगलं ठणकावून. आणि मागोमाग तोच आवाज सुरावर गेला. शब्द अर्धे, तोंडातच राहिलेले, दोन-तीन सूरच काय ते निघाले. पण ओळ जिथं जायला हवी होती तिथं गेली. आपली ओळ कुणी इतकी नासवावी, हे त्या बाईला सहन झालं नसणार.

आता याकूबची पाळी होती. तो गायला नाही. बाजा नुसताच मिटत गेला आणि त्यातून एक लांब, बेसूर आवाज निघाला. बायका दारात डोळे पुसत होत्या, सावजी भिंतीला टेकून दम खात होते.

खिडकी उघडली. याकूबची मेंदीची दाढी ओली होती.

"कौन गाया?"

आम्ही दोघांनी सावजींकडे बोट दाखवलं. अशा वेळी साक्ष द्यायला मी कधी मागं हटत नाही.

"सावजी," याकूब म्हणाला, "उद्या बी या."

सावजी गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही. दुपारी दुकानाची फळी लावायचे आणि खिडकीबाहेर ओट्यावर उभे राहायचे, आत न बघता. बानूआपा पुढं घडाघडा बोलायला लागल्या असं काही झालं नाही. कधी 'नक्को' यायचं, कधी दोन सूर, कधी काहीच नाही. पण ज्या दिवशी यायचं त्या दिवशी आमच्या घरी भाकरीसुद्धा टम्म फुगायची.

सावजी हट्टाचा माणूस. आपण गातो तर नीट गावं, म्हणून ते मास्तरांकडं जाऊन त्यांच्या हार्मोनियमवर सूर घोटायला लागले. याकूबच्या कानावर ते गेलं तेव्हा तो मशीन सोडून, गळ्यातल्या पट्टीसकट, तसाच दुकानात धावला. मी तिथं सुपारी घेत होतो. बैलासमोर न घाबरणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सावजी, पाया पडतो, शिकू नका," तो म्हणाला. "तुमी सुरात गायला लागला तर ती नक्को कुणाला म्हणेल?"