राक्षसाचा सेल

"बंद पडलेलं घड्याळ नत्थुजीच्या हातात आलं अन् चाललं नाई, असं झालंच नाई कधी!"

हे वाक्य नत्थुजी रोज दुकान उघडताना म्हणत आणि बंद करतानाही म्हणत. मध्ये एखादं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ऐकवत. अमरावतीत जवाहर गेटच्या आत त्यांचं दुकान होतं, दोन माणसं एकदम उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं. आता लोक मोबाईलवर वेळ बघतात, त्यामुळे तिसरा सोडा, पहिलाच येत नव्हता. पण मिश्यांना पीळ तसाच होता आणि डोळ्याचं भिंगही तसंच चढलेलं.

त्या दिवशी आशाबाई अकोल्याला निघाल्या होत्या. मुलीचं, नीलमचं, पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पिशवी भरता भरता त्यांनी नवऱ्याला दूधवाल्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, आणि मग थांबून, जरा हळू आवाजात म्हणाल्या,

"अन् गुरुवारी त्याले चालू करजा. दवाखान्यात नेजा, सेव करजा अन् बंद करजा. उपाशी ठेवू नोका त्याले."

"अवं, मशीनच हाये ना ते? मशीन नत्थुजीले शिकवून राहिली का तू? तू ये तं खरी, नव्यासारखं करून ठेवतो!"

आशाबाईंनी कपाटाकडे एकदा बघितलं आणि त्या गेल्या.

आता 'तो' कोण, ते सांगायला हवं. नत्थुजींचा एकुलता एक मुलगा शिवम. तिवस्याच्या रस्त्यावर मोटारसायकलचा अपघात झाला आणि तो गेला, त्याला बारा वर्षं झाली. त्याच्यामागं कपाटात राहिला तो हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम. मित्राच्या, हसनैनच्या, मामानं सौदीहून आणलेला. जाडजूड कॅसेट त्यात खुपसायची आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर गवतातले राक्षस पकडायचे, पोसायचे, लढवायचे. गेमचं जपानी नाव हसनैनलाच तेवढं नीट म्हणता येई. घरात त्याला राक्षसाचा गेम म्हणत. त्यात शिवमनं लहानपणी एक राक्षस पकडला होता. रेड्यासारखं तोंड आणि त्यावर झुपकेदार मिश्या! शिवमनं त्याला पोसून पोसून चांगला मोठा केला होता.

ज्या आशाबाईंना मोबाईलवर आलेला फोन उचलता येत नव्हता, त्या पोरगा गेल्यावर हा गेम चालू करायला शिकल्या. दर गुरुवारी संध्याकाळी त्या राक्षसाला गेममधल्या दवाखान्यात न्यायच्या, धडधाकट असला तरी औषधपाणी करायच्या, सेव्ह करायच्या आणि रुमालात गुंडाळून ठेवायच्या. या गेममधल्या राक्षसांना भूक लागत नाही, हे हसनैनला माहीत होतं. पण तो कधी बोलला नाही.

आणि नत्थुजी? शिवम होता तेव्हा ते ओरडायचे, "काय राक्षस पकडून राह्यला दिवसभर! घड्याळं शिक जरा!" शिवम गेल्यावर गुरुवारची ती टिंगटिंग सुरू झाली की ते चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांना ती ऐकवत नसे.

तर, गुरुवार आला. नत्थुजींनी गेम चालू केला. पडदा अंधुक! त्यांनी पेन्सिल सेल बदलले. पडदा लख्ख! मिशाळ राक्षस समोर उभा, जिवंत, ठणठणीत!

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण नत्थुजी कारागीर! आता उघडलंच आहे तर कॅसेटही साफ करू, म्हणून त्यांनी भिंग चढवलं आणि कॅसेटचे स्क्रू काढले. आत बघतात तर काय, एक गोल, चपटा सेल! रोज हाताखालून जातो तसाच, फक्त पिवळा पडलेला.

"धत् तेरी! हे तं घड्याळच हाये!"

जुना सेल सोडवला, नवा बसवला, सोल्डर केलं. काम असं देखणं की त्यांनी स्वतःच मान डोलावली. गेम चालू केला. टिंगटिंग वाजलं. पडद्यावर एक म्हातारा प्रोफेसर आला आणि इंग्रजीत काहीतरी विचारू लागला. राक्षस नव्हता. दवाखाना नव्हता. नत्थुजींनी बंद केलं, चालू केलं, फुंकर मारली, कॅसेट कुडत्याला पुसली. पुन्हा तोच म्हातारा!

हसनैनचं मोबाईलचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. नत्थुजी अनवाणीच धावले. हसनैननं गेम हातात घेतला, पडदा बघितला, कॅसेटवरचा ताजा ओरखडा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, आतला सेल काढला का?"

"हव. नवा टाकला. एक नंबर माल हाये!"

"काका, त्या सेलवरच तं सारं जपून होतं. तो निघाला का सारं पुसलं जाते."

"असं कसं पुसलं जाते? घड्याळाचा सेल काढला तं वेळ चुकते फक्त! पुन्हा लावून घेता येते!"

हसनैननं नुसती नकारार्थी मान हलवली. नत्थुजी स्टुलावर बसले. कितीतरी वेळ ते नुसते हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होते. मग एकदम उठले.

"नवा आनू! बजारात नवे गेम भेटत असतीन ना? त्याच्यातून तो राक्षस आनू!"

"काका, ही पह्यली पिढी हाये. आता नववी चालू हाये."

"गेमच्या बी पिढ्या?"

"हव ना! दुसरीत रंग आला, राक्षसाईत नर-मादी आले, अंडे देऊ लागले. तिसऱ्या पिढीत पूलच तुटला, जुन्यातला राक्षस नव्यात नेताच येत नव्हता. आमी पोट्टे दोन दिवस जेवलो नाई तवा! मंग हळूहळू सारी दुनिया शिनेमासारखी झाली. आता तं लोक मोबाईल घेऊन खऱ्याखुऱ्या रस्त्यानं राक्षस पकडत फिरतात. हा पाहा, तुमचा तो."

हसनैननं मोबाईल पुढं केला. निळाशार, चकचकीत, पंखबिंख फुटलेला कोणीतरी होता.

"हा? याच्या मिश्या कुठी गेल्या?"

"पाचव्या पिढीत काढल्या."

"काहून?"

"नव्या पोट्ट्याईले आवडत नोत्या म्हने. अन् नवव्या पिढीत तं हा घेतलाच नाई. हजाराच्या वर राक्षस झाले ना आता, साऱ्याईले जागा नाई."

नत्थुजींचा हात आपसूक स्वतःच्या मिश्यांवर गेला. "म्हंजे आमच्यासारखंच झालं त्याचं," ते म्हणाले.

एकच मार्ग उरला होता. जुन्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून खेळायचं, तोच राक्षस पकडायचा, पोसून मोठा करायचा आणि आशाबाई यायच्या आत रुमालात गुंडाळून ठेवायचा!

"पन शिवमनं त्याचं काही नाव ठेवलं होतं ना रे? काय होतं?"

हसनैन खोकला. कान लाल झाले. काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागला, जे तिथं नव्हतंच. "मले... मले आठवत नाई, काका."

पोराचा गळा दाटून आला, असं नत्थुजींना वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि राक्षस हाती लागला तेव्हा त्याचं नाव ठेवलं, शिवम.

मग जे सुरू झालं ते काय विचारता! घड्याळाचं दुकान बंद. घराचं दार बंद. नत्थुजी भिंग लावून पलंगावर, शेजारी हसनैन, आणि आतून आरोळ्या!

"पकड! पकड त्याले! सोडू नोको!"

"काका, लाल बटन दाबा!"

"अरे हा ऐकतच नाई! मी म्हन्तो मार, तं हा झोपते! हा कसला राक्षस हाये बे? तोंड फुगवूनच बसला!"

हसनैनला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "शिवम बी हेच म्हने, काका. डिट्टो हेच!"

नत्थुजींना ते फार आवडलं. पोराला राग आला की तो कसा दिसायचा, राक्षस पकडल्यावर कशी उडी मारत असेल, हे त्यांना आता, हे बटण दाबताना कळत होतं. तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसलो असतो तर काय घड्याळं बंद पडली असती का, असं त्यांना वाटे, आणि मग पडदा धुरकट दिसे. एकदा एका दगडी राक्षसानं त्यांच्या मिशाळाला चारी मुंड्या चीत केलं, तेव्हा तर "गेला रे! शिवम गेला रे!" म्हणून ते खरोखर रडले.

हे रडणं भिंतीपलीकडच्या माणिकबाईनं ऐकलं. तिनं तडक अकोल्याला फोन लावला.

"आशा, तू असशीन तशी ये वं माय! भाऊजी त्या हसनैनले घेऊन, दार लावून, राक्षस पकडून राह्यले! काल तं शिवमच्या नावानं हंबरडा फोडला!"

आशाबाई पहिली मिळाली त्या गाडीनं आल्या. दार धाडकन उघडलं. समोर आशाबाई, मागं अंगाऱ्याची पुडी घेऊन माणिकबाई! नत्थुजींनी गेम घाईघाईनं उशीखाली सारला. उशीखालून टिंगटिंग वाजत राहिली.

"अवो, काय करून राह्यले तुमी?"

"काई नाई. त्याले... जेवू घालून राह्यलो."

आशाबाईंनी उशी उचलली. गेम बघितला. सराईत बोटांनी नेमक्या जागी गेल्या.

"हा इतका बारका काहून झाला?"

"तू नोती ना! तुह्यावाचून रोडावला."

हे स्वतःच्याच कानावर पडलं आणि नत्थुजींचा धीर सुटला. "नाई आशा. म्या सेल बदलला. काही गरज नोती, तरी बदलला. आपल्या पोराचं सारं माह्या हातानं पुसलं गेलं. हा म्या नवा पकडला, तुले कळू नाई म्हनून."

आशाबाई मटकन खाली बसल्या. पदराचा बोळा तोंडाशी धरून रडल्या. माणिकबाईसुद्धा अंगारा हातात धरून रडू लागली. हसनैन दारात मान खाली घालून उभा होता. बऱ्याच वेळानं आशाबाईंनी डोळे पुसले.

"नाव काय ठेवलं याचं?"

"शिवम."

"हे नोतं त्याचं नाव." त्यांनी हसनैनकडे बघितलं. "तुले ठाऊक होतं ना? सांगतलं नाई याईले?"

"कसं सांगू, काकू?" हसनैन पुटपुटला. "मोठे मानूस हायेत."

"नत्थुजी," आशाबाई म्हणाल्या.

"आँ?" नत्थुजी म्हणाले.

"तुमाले हाक नाई मारली. त्याचं नाव सांगून राह्यली. नत्थुजी होतं त्याचं नाव. पोट्टा म्हने, आई, याले मिश्या हायेत, सांगतलेलं ऐकत नाई, दिवसभर तोंड फुगवून बसते. पन केवढा बी मार पडला तरी मले सोडून पळत नाई."

नत्थुजींनी डोळ्याचं भिंग काढलं. पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. मग हातात तोंड लपवून लहान मुलासारखे रडले.

"काकू, नाव बदलायचं असन तं पह्यल्यापासून खेळा लागन," हसनैन चाचरत म्हणाला. "पन मंग हा शिवम पुसला जाईन."

"नोको!" नवरा-बायको एकदम ओरडले.

तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी नत्थुजी ओट्यावर जात नाहीत. आशाबाईंच्या शेजारी बसून शिवमला दवाखान्यात नेतात. शिवमही ऐकत नाहीच. दुकान चालू आहे, गिऱ्हाईक तेवढंच आहे. फक्त ते वाक्य आता ऐकू येत नाही. कोणी घड्याळ घेऊन आलं की नत्थुजी भिंग चढवतात, झाकण उघडतात, आणि सेलला हात लावायच्या आधी बिचकत विचारतात,

"याच्यात काही जपून-बिपून ठेवलेलं नाई ना, भाऊ?"