पाटणकरकाकांची तार

पाटणकरकाका बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणतात. ते म्हणेपर्यंत समोरच्याने तोंड उघडायचं नाही. वारज्यात राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ओळख करून घ्यायला गेलो, तर काका म्हणाले, "बसा."

मी बसलो. "नमस्कार, मी रिसोडचा..."

"थांबा. माझं झालेलं नाही." मग मिनिटभर शांतता. "ओव्हर. आता बोला."

काकांना हॅम रेडिओचा नाद आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, यंत्र शक्यतो स्वतः जोडायचं आणि हवेत जो कोणी सापडेल त्याच्याशी बोलायचं. तिथे एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून ते ओव्हर. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. "तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता स्वतः बोलतो. ओव्हर." त्यांच्या यंत्राला पाटाची बैठक आहे, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचं बटण आहे आणि उचलायला कुकरचा दांडा आहे. पाहुणा आला की काका सोफ्यावरच्या वायरी बाजूला करत नाहीत, पाहुण्यालाच स्टूल देतात.

रेडिओवर नाव अक्षरं फोडून सांगायची सवय, ती काका जमिनीवरही सोडत नाहीत. एकदा कुरिअरवाल्याला फोनवर सांगत होते, "प पतंगाचा, ट टरबुजाचा, ण बाणाचा, क कमळाचा, र रथाचा."

तिकडून प्रश्न आला, "काका, नक्की कोणत्या पक्षाकडून उभे आहात?"

खरं भांडण मात्र गच्चीवर होतं. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत काकांनी एक लांब तार बांधली आहे. तीच त्यांची अँटिना. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंना मात्र ती तार म्हणजे देवानेच केलेली सोय वाटली. त्यांनी ओली चादर टाकली की खाली काकांच्या यंत्राचा काटा उडायचा आणि काका अनवाणी गच्चीवर धावायचे.

"मॅडम, या तारेवरून मी काल जपानशी बोललो!"

"मग त्यांना सांगा, इकडे कपडे वाळत नाहीयेत."

काकांनी पाटी लावली : 'ही तार बोलते. हिच्यावर चादरी घालू नयेत. ओल्या तर मुळीच नाही.' काकूंनी पाटीवर टॉवेल वाळत घातला आणि कमिटीकडे तक्रार केली. रविवारच्या सभेत तार काढण्याचा ठराव मांडायचं ठरलं.

नोटीस द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. "तुम्ही एम.कॉम., पत्र नीट लिहाल," असं सगळे म्हणाले होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, त्यामुळे या वाक्यानेच मी विरघळलो होतो. हिंजवडीची बस पकडण्याआधी, सकाळी सातला, नोटीस घेऊन काकांकडे गेलो.

दार उघडंच होतं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. यंत्रातून बोलणं नव्हे, जुन्या तारायंत्रासारखी नुसती टीं-टी, टीं-टी येत होती आणि काका कॅलेंडरच्या पाठीवर एकेक अक्षर लिहून घेत होते. एका अक्षरानंतर दुसरं यायला कधी कधी अर्धा मिनिट लागे. मी वाचलं : चहा झाला का.

काकांनी पितळी बटणावर बोट टकटकवत उत्तर दिलं : झाला.

"औशाजवळचे मुळे मास्तर, त्यांनाही हाच नाद," ते मला म्हणाले. "अर्धांगवायूने बोलणं गेलं. एक बोट चालतं. घरच्यांना ही टकटक कळत नाही, म्हणून माझ्याशी. रोज सातला."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅस थंड, पातेलं पालथं. "पण काका, चहा..."

"उठून करायला गेलो आणि तेवढ्यात त्यांनी हाक मारली तर? मी एकटा, हे मास्तरांना ठाऊक. काळजी नको, म्हणून झाला म्हणायचं. नंतर घेतो. कधी राहतो." पाटणकरकाकू गेल्याला चार वर्षं झाली होती. नोटीस माझ्या खिशातच राहिली.

रविवारी सभेत मला भाषण जमलं नाही. पाहिलं तेवढं सांगितलं, चहाच्या खोटेपणासकट. काका मान खाली घालून बसले होते. शिंदेकाकू उभ्या राहिल्या.

"तार राहू दे," त्या म्हणाल्या. "पण अहो, आजारी माणसाशी रोज सकाळी खोटं? उद्यापासून पावणेसातला चहा येईल. आधी प्यायचा, मग काय ती टकटक करायची."

सोमवारी बसला निघताना काकूंनी चहाचा पेला माझ्याच हातात दिला. काकांनी फुंकर घालत तो संपवला. सातला टीं-टी सुरू झाली. चहा झाला का?

काकांनी टकटकवलं : झाला. मग जरा थांबून, ऐटीत : आलं घातलेला.

काकांनी झाकणाचं बटण उगाच फिरवून पाहिलं. मग हळूहळू अक्षरं यायला लागली, आणि कॅलेंडरच्या पाठीवर ती लिहिता लिहिता काकांची पेन्सिल थांबली.

कुणी केला?